नौरू बेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरून येतो. पक्ष्यांच्या विष्ठेवर श्रीमंत झालेला आणि ऐतखाऊपणामुळे भिकेला लागलेला देश, अशी ती गोष्ट. शेवटी मुलांना वाचून दाखवायची विनंती आणि हात जोडलेले इमोजी. फॉरवर्डमधली बरीच माहिती खरी आहे, म्हणूनच तो जास्त चुकवतो. तो वाचून लोक जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

नौरू नेमकं आहे कुठे?

प्रशांत महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम ५५-६० किलोमीटरवर. सर्वांत जवळची जमीन म्हणजे बनाबा हे किरिबाती देशाचं बेट, तेही पूर्वेला सुमारे ३०० किलोमीटर लांब. पत्ता लक्षात ठेवायचा तर त्यांचा झेंडा पाहा. निळा समुद्र, मधोमध पिवळी रेघ म्हणजे विषुववृत्त आणि रेघेच्या खाली लगेच एक पांढरा तारा. तो तारा म्हणजे नौरू. झेंड्यावरच नकाशा काढून ठेवलाय.

किती लहान?

२१ चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचं जुनं मुंबई शहर ६७ चौरस किलोमीटरच्या आसपास भरतं. नौरू त्याच्या एक तृतीयांशही नाही. जगात याहून लहान देश दोनच, व्हॅटिकन आणि मोनॅको, आणि ते दोन्ही युरोपच्या जमिनीवर बसलेत. बेटाला वळसा घालणारा रस्ता १९ किलोमीटरच्या आसपास आहे. दुचाकीवर रमतगमत निघालात तरी अर्ध्या-पाऊण तासात निघालात तिथेच परत.

लोकसंख्या बारा हजारांच्या आतबाहेर, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं बाजाराचं गाव. अधिकृत राजधानी नाही. सरकारी कचेऱ्या यारेन जिल्ह्यात आहेत आणि संसद विमानतळाच्या समोरच. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात 'राजधानी: यारेन' छापलेलं असतं, उत्तरपत्रिकेत तेच लिहा, पण मनात नोंद ठेवा.

बेट दिसतं कसं?

समुद्राकडून आत चालत जाऊ. आधी प्रवाळाचा कठडा, ओहोटीला उघडा पडणारा. मग वाळू. मग दीडशे ते तीनशे मीटर रुंदीची सपाट पट्टी, आणि बहुतेक सगळा देश या पट्टीवरच राहतो. इथे नारळ आहेत, केवड्याच्या कुळातली झाडं आहेत, आणि आपल्या कोकणात जिच्या बियांचं तेल दिव्यात जाळत ती उंडीसुद्धा आहे. तिथे तिला 'तोमानो' म्हणतात. त्यापुढे चढ आणि चढ संपल्यावर पठार. पठाराचं नाव 'टॉपसाइड'. सर्वांत उंच जागा ७० मीटरच्या आसपास. नैऋत्येला खोलगटात बुआडा नावाचं तळं आहे. त्याच्या काठाला तेवढी बऱ्यापैकी शेती होते.

नदी नाही. पाऊस एखाद्या वर्षी धो धो, एखाद्या वर्षी दुष्काळ. ला निनाचं वर्ष आलं की टाक्या कोरड्या पडतात, मग समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रांवर भिस्त.

नैसर्गिक बंदर नाही, ही त्यांची जुनी अडचण. कठड्यापलीकडे समुद्र एकदम खोल होतो, नांगर टाकायला तळ लागत नाही. म्हणून जहाजं खोल पाण्यातल्या बोयांना बांधून ठेवायची आणि माल छोट्या पडावांतून किनाऱ्याला आणायचा. लाटा जास्त असतील तर जहाज ताटकळत राहतं आणि दुकानातला तांदूळ संपतो. ऐवो इथे नवं बंदर बांधायला घेतलं ते यासाठीच.

ती विष्ठेची गोष्ट खरी आहे का?

अर्धी. नौरूच्या पठारावर होता तो फॉस्फेटचा खडक. तो समुद्रपक्ष्यांच्या हजारो वर्षांच्या विष्ठेपासून बनला, असं एक मत. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचा वाटा मोठा, असं दुसरं. भूशास्त्रज्ञांत यावर एकमत नाही. काही झालं तरी तिथे कुणी फावड्याने शेण भरत नव्हतं, दगड फोडत होते.

तो दगड कुणाला का हवा, हे ज्याच्या घरी शेती आहे त्याला सांगायला नको. खताच्या दुकानात 'सुपर' मागतो ते सिंगल सुपर फॉस्फेट म्हणजे फॉस्फेटच्या खडकावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून केलेलं खत. पिकाच्या मुळांना स्फुरद (फॉस्फरस) लागतं, आणि ऑस्ट्रेलियाच्या जुन्या, झिजलेल्या जमिनीत ते फारच कमी. न्यूझीलंडच्या कुरणांचंही तेच. नौरूचा खडक जगातल्या उत्तम प्रतीच्या खडकांपैकी होता. तिकडच्या गव्हाच्या शेतांत आणि मेंढ्यांच्या कुरणांत या बेटाचा मोठा भाग आज विरघळलेला आहे.

तो दगड सापडला कसा?

दाराला लावलेला होता.

सिडनीत पॅसिफिक आयलंड्स कंपनी नावाची एक व्यापारी कंपनी होती. तिच्या कचेरीत दार आपोआप बंद होऊ नये म्हणून एक जड दगड टेकून ठेवलेला असे. कंपनीच्या एका माणसाने तो नौरूहून उचलून आणलेला, अश्मीभूत लाकूड असावं या समजुतीने. आल्बर्ट एलिस हा तिथला तरुण नोकर. १८९९ साली त्याला संशय आला, की आपण इतर बेटांवर पाहिलेल्या फॉस्फेटसारखाच हा दिसतो. महिने गेले, शेवटी त्याने तुकडा फोडून तपासला. उच्च प्रतीचा फॉस्फेट निघाला. एलिस पुढे 'सर' झाला. बेट तेव्हा जर्मनांच्या ताब्यात असल्यामुळे ब्रिटिश कंपनीला जर्मनांशी करार करावा लागला. बेट ज्यांचं, त्यांच्याशी करार करायची गरज कुणालाच वाटली नाही. १९०६-०७ पासून खाण सुरू झाली.

खाण म्हणजे नेमकं काय केलं?

बोगदे नाहीत, खोल खड्डेही नाहीत. पठारावर चुनखडीचे उंच सुळके होते आणि त्यांच्यामधल्या फटी फॉस्फेटने भरलेल्या. वरची झाडं आणि माती काढायची, मग फटींतला माल उपसायचा. दातांमधल्या हिरड्या खरवडून काढल्या तर जे उरेल, ते तिथे उरलं. राखाडी, टोकदार, कुठे कुठे दोन-तीन माणसांच्या उंचीचे सुळके, ओळीने उभे. त्यावरून चालता येत नाही, घर बांधता येत नाही, नांगर धरायचा तर प्रश्नच नाही. पाऊस पडला तर मधून निथळून जातो. बेटाच्या साधारण ८० टक्के जमिनीची ही अवस्था झाली.

माल पट्ट्यांवरून किनाऱ्याला यायचा आणि समुद्रावर पुढे काढलेल्या प्रचंड पोलादी हातांमधून थेट जहाजात पडायचा. हे हात, तिथल्या भाषेत 'कँटिलिव्हर', गंजलेल्या अवस्थेत आजही ऐवोच्या किनाऱ्यावर दिसतात. राबायला चिनी मजूर आणले, नंतर किरिबाती आणि तुवालूचे लोक आले. मजुरांच्या वसाहतीचं नाव 'लोकेशन', तेच अजून चालू आहे.

मग पैसा कुणी खाल्ला?

इथे फॉरवर्ड घसरतो. तो गोष्ट देशाच्या स्वातंत्र्यापासून, १९६८ पासून सुरू करतो, म्हणजे खाण सुरू झाल्यानंतर साठ वर्षांनी.

कंपनीच्या सुरुवातीच्या काळात जमीनमालकाला एका टनामागे अर्धा पेनी मिळे. पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, ऑस्ट्रेलियाने बेट ताब्यात घेतलं. युद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने मिळून 'ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स' नावाची यंत्रणा काढली आणि मालाची वाटणीही ठरवून टाकली: ब्रिटन ४२ टक्के, ऑस्ट्रेलिया ४२, न्यूझीलंड १६. राष्ट्रसंघाने बेट या तिघांकडे विश्वस्त म्हणून सोपवलं होतं. विश्वस्तांनी माल स्वतःच विकत घेतला, जागतिक भावापेक्षा बराच स्वस्त. विकणाराही तेच, घेणाराही तेच. बाजार समितीत अडत्या आणि व्यापारी एकाच घरातले असले म्हणजे काय होतं, हे आपल्याला कुणी समजवायला नको.

१९६० च्या दशकात जमीन संपत आली तेव्हा ऑस्ट्रेलियाने एक तोडगा सुचवला: सगळ्या नौरूवासीयांनी उठून क्वीन्सलंडजवळच्या कर्टिस बेटावर जावं. लोकांनी नकार दिला. ऑस्ट्रेलियाचे नागरिक होऊन विरघळून जायचं नव्हतं, स्वतःचं राज्य हवं होतं.

१९८९ मध्ये या चिमुकल्या देशाने ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. मागणी अशी, की स्वातंत्र्याआधी तुम्ही जी जमीन खणून टाकली ती पूर्ववत करायचा खर्च द्या. हा खटला ऐकण्याचा न्यायालयाला अधिकारच नाही, हा ऑस्ट्रेलियाचा मुद्दा न्यायालयाने १९९२ मध्ये फेटाळला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने तडजोड केली: १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, त्यातले ५ कोटी हप्त्यांनी, वीस वर्षांत. ब्रिटन आणि न्यूझीलंडनेही आपापला वाटा उचलला. निर्दोष माणसं असे चेक फाडत नाहीत, असं माझं मत.

दुसऱ्या महायुद्धात काय झालं?

हा भाग कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतो. ऑगस्ट १९४२ मध्ये जपानने बेट घेतलं. कुष्ठरोग्यांना एका होडीत घालून समुद्रात नेलं आणि होडी बुडवली. धावपट्टी बांधायला लोकांना जुंपलं. आज विमानं उतरतात ती याच जागी. नंतर सुमारे १,२०० नौरूवासीयांना जहाजांत भरून दीड हजारावर किलोमीटर दूर, ट्रुक बेटांवर मजुरीला नेलं. भूक, मारहाण आणि रोगराईत ४६३ जण मेले. उरलेले ७३७ जण ३१ जानेवारी १९४६ ला परत आले. बरोबर २२ वर्षांनी, ३१ जानेवारी १९६८ ला, देश स्वतंत्र झाला. तारीख मुद्दाम तीच निवडली.

लोक कोण आहेत? भाषा कुठली?

नौरूवासीयांची परंपरेने बारा कुळं. झेंड्यावरच्या ताऱ्याला बारा टोकं आहेत ती यासाठी. मूल आईच्या कुळाचं. भाषा नौरूवन, इंग्रजी सगळ्यांना येते, कचेऱ्यांतही चालते. धर्म बहुतेकांचा ख्रिस्ती.

'अंगाम' हा त्यांचा सण मला फार थोर वाटतो. १९२० च्या सुमारास फ्लूच्या साथीने बेटावर इतकी माणसं गेली, की जमात टिकते की नाही अशी वेळ आली. टिकायला किमान १,५०० माणसं हवीत, असा आकडा ठरला. २६ ऑक्टोबर १९३२ ला दीडहजारावं मूल जन्मलं आणि अख्ख्या बेटाने जल्लोष केला. मग युद्धात पुन्हा आकडा खाली गेला, पुन्हा वाट पाहणं, आणि १९४९ मध्ये पुन्हा दीड हजार. २६ ऑक्टोबरला आजही सुट्टी असते. डोकी मोजून साजरा होणारा दुसरा राष्ट्रीय सण मला माहीत नाही.

जमीन कुटुंबांच्या मालकीची, सरकारची नाही. वारसांत वाटत वाटत एकेका तुकड्यावर डझनावारी हिस्सेदार झालेत. सातबाऱ्यावर चाळीस नावं असली की बांधावरचं झाड तोडायलाही कशी सभा भरवावी लागते, तसाच प्रकार.

स्वातंत्र्यानंतर खरंच उधळपट्टी झाली का?

झाली, ते झाकायचं कारण नाही. हॅमर डेरोबर्ट हे पहिले राष्ट्राध्यक्ष. १९७० मध्ये खाण देशाच्या ताब्यात आली आणि पुढची काही वर्षं नौरूचं दरडोई उत्पन्न जगातल्या सर्वांत वरच्या देशांत गणलं जाई. प्राप्तिकर नाही, दवाखाना फुकट, शाळा फुकट, परदेशी शिक्षणही सरकारी खर्चाने. १९७७ मध्ये मेलबर्नमध्ये ५२ मजली 'नौरू हाउस' उभं राहिलं. काही हजार लोकांच्या देशाने बोइंग विमानांचा ताफा पाळला. बरीचशी विमानं रिकामीच उडत. १९९३ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर लिओनार्दो दा विंचीवरच्या एका संगीत नाटकात पैसे घातले. ते सणकून आपटलं.

गंमत म्हणजे मूळ कल्पना शहाणपणाची होती. खडक संपणार हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून उत्पन्नातला वाटा भविष्यासाठी निधीत टाकायचा. पण निधी सांभाळायला बाहेरचे सल्लागार, त्यांच्यात काही सरळसरळ ठक, आणि घरचे पुढारी कर्ज काढायला मोकळे. खडक संपत आला आणि कर्ज वाढत गेलं. २००४ मध्ये नौरू हाउस विकावं लागलं. २००५ च्या अखेरीस देशाचं उरलेलं एकमेव विमानही थकबाकीपोटी जप्त झालं.

मधल्या काळात आणखी एक उद्योग झाला. १९९० च्या दशकात नौरूने परवाने दिलेल्या सुमारे ४०० बँका फक्त कागदावर होत्या आणि त्यांतून रशियातला काळा पैसा फिरला. अमेरिकेने नाड्या आवळल्यावर ते दुकान बंद झालं.

म्हणजे लोक ऐतखाऊ झाले, हे खरं ना?

ज्याच्या पायाखालची जमीन विकली जातेय, त्याला त्या जमिनीचे पैसे मिळाले तर त्याला ऐतखाऊ म्हणायचं का, हा आधी प्रश्न. एमआयडीसीत जमीन गेलेल्या गावात पहिल्या दोन वर्षांत किती बुलेट आणि स्कॉर्पिओ येतात ते आपण पाहिलंय. तिथेही दोष गाडी घेणाऱ्या पोराला दिला जातो. सात-बाऱ्यावरून नाव कुणी काढलं, ते विचारत नाहीत.

आजार जास्त आहेत म्हणतात?

हो. मधुमेह आणि लठ्ठपणा या दोन्हींत नौरू जगात वरच्या क्रमांकावर आहे आणि सरासरी आयुर्मान साठीच्या आसपास. १९७० च्या दशकातच डॉक्टरांनी मधुमेहाचं प्रमाण पाहून धसका घेतला होता. आधी मासे, नारळ, केवड्याच्या जातीची फळं आणि तळ्यात पाळलेले मासे असं खाणं होतं. मग पिकती जमीन गेली आणि जहाजातून तांदूळ, मैदा, साखर, डब्यातलं मांस आलं. बुआडाच्या तळ्यात 'इबिया' नावाचे मासे पाळायची जुनी रीत होती. बाहेरून आणलेल्या तिलापियाने तीही मोडली. नारळाची माडी मात्र तिथेही काढतात.

आता पोट कशावर चालतं?

मुख्यतः समुद्र आणि ऑस्ट्रेलिया.

जमीन २१ चौरस किलोमीटर असली तरी भोवतालचा हक्काचा समुद्र तीन लाख चौरस किलोमीटरच्या वर आहे आणि त्यात कुप्पा (ट्यूना) मासा भरपूर. १९८२ मध्ये आसपासच्या बेटदेशांनी 'नौरू करार' केला. पुढे त्यातूनच पद्धत बसली: परदेशी जहाजांना मासेमारीचे दिवस विकायचे, तेही सगळ्यांनी मिळून भाव ठरवून. एकेकट्याला गाठून स्वस्तात लुटायचा मार्ग त्यामुळे बंद झाला. फॉस्फेटच्या बाबतीत जे कधीच जमलं नाही ते माशांच्या बाबतीत जमलं.

दुसरं उत्पन्न अवघड जागेचं दुखणं आहे. २००१ मध्ये टँपा नावाच्या नॉर्वेच्या जहाजाने समुद्रात वाचवलेल्या, आश्रय मागायला निघालेल्या लोकांना ऑस्ट्रेलियाने उतरू दिलं नाही आणि नौरूत पाठवलं. मोबदल्यात पैसा. छावणी २००८ मध्ये बंद झाली, २०१२ मध्ये पुन्हा उघडली. तिथल्या माणसांची, विशेषतः मुलांची, मानसिक अवस्था जगभर गाजली. २०१४ मध्ये नौरूने पत्रकारांसाठी व्हिसाची फी ८,००० ऑस्ट्रेलियन डॉलर केली, व्हिसा नाकारला तरी परत न मिळणारी. यावरून काय ते समजा.

शिवाय थोडा उरलासुरला फॉस्फेट, परदेशी मदत, आणि तैवान की चीन या प्रश्नावर बाजू बदलणं: २००२ मध्ये चीन, २००५ मध्ये तैवान, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा चीन. समुद्रतळावरचे धातूचे गोळे काढायच्या व्यवसायातही नौरू एका परदेशी कंपनीचा पुरस्कर्ता आहे. खणण्यातून पोळलेला देश पुन्हा खणण्याकडे का वळतो, असं लोक विचारतात. विकायला दुसरं काही ठेवलंय का त्यांच्याकडे?

चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. प्राप्तिकर २०१४ मध्ये आला आणि २०१५ मध्ये पुढच्या पिढ्यांसाठी नवा निधी काढला. या वेळी त्यावर बाहेरच्या देशांचीही देखरेख आहे.

राज्यकारभार कसा चालतो?

१९ खासदारांची संसद आणि तिने निवडलेला राष्ट्राध्यक्ष. लष्कर नाही, पक्ष नावापुरते. मतदान सक्तीचं, आणि मतदाराने उमेदवारांना क्रम द्यायचा: पहिल्याला एक मत, दुसऱ्याला अर्धं, तिसऱ्याला एक तृतीयांश, असं पुढे. मतमोजणीला अपूर्णांक यायला हवेत.

समुद्राची पातळी वाढली तर देश बुडेल का?

तुवालूसारखा पूर्ण नाही, कारण मधलं पठार उंच आहे. बुडेल ती किनाऱ्याची पट्टी, जिथे घरं, दवाखाना, धावपट्टी सगळं आहे. पठारावर सरकायचं तर तिथे सुळके. ते फोडून, भर घालून लोकांना वर न्यायची सरकारी योजना आहे. काम मोठं, पैसा लागणार प्रचंड.

भारतीय तिथे जाऊ शकतो का? मराठी माणूस भेटेल?

व्हिसा आधी काढावा लागतो. विमान ब्रिस्बेनहून नौरू एअरलाइन्सचं. हॉटेलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे. बेटावरचा मराठी समाज शोधायचा असेल तर मॉरिशसला जा.

तिथले लोक करमणूक काय करतात?

ऑस्ट्रेलियन फुटबॉल आणि वजन उचलणं. १९९० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत मार्कस स्टीफन यांनी वेटलिफ्टिंगमध्ये सुवर्णपदक मिळवलं आणि ते पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

आणि पक्षी. फ्रिगेट पक्षी माणसाळवून पाळायचा जुना खेळ आहे. काळे नॉडी पक्षी मात्र खायला पकडतात. अंधार पडला की पुरुष लांब दांड्यांची जाळी घेऊन टॉपसाइडवर चढतात आणि सुळक्यांमध्ये दबा धरून बसतात. नॉडीची साद रेकॉर्ड केलेली असते, ती स्पीकरवर मोठ्याने लावायची. समुद्रावरून परतणारे थवे आवाजाला भुलून खाली येतात आणि अंधारात जाळी फिरते.